तिन्ही सेनादलांचे विलीनीकरण करावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाणे परिसरात सेनादलांच्या पुनर्रचनेवर व्याख्याने देताना, आणि विशेषतः एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी बोलताना, काही प्रश्न हमखास समोर येतात. काही चिठ्ठ्यांवर लिहून येतात, बरेचसे नंतर व्हॉट्सॲपवर येतात, आणि निवृत्त जवानांचे प्रश्न बहुधा सभागृहाच्या पायऱ्यांवर उभे राहून विचारले जातात. ते सगळे येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्नांचा संबंध येतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विलीनीकरण, एकात्मीकरण आणि थिएटर कमांड म्हणजे सगळे एकच ना?

नाही. या विषयावरचे निम्मे वाद हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरल्यामुळे होतात. विलीनीकरण म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल ही स्वतंत्र दले कायद्याने संपवून त्यांच्या जागी एकच सेना उभी करणे, म्हणजेच एकच कायदा, एकच प्रमुख आणि हुद्द्यांची एकच उतरंड. एकात्मीकरणात दले वेगळीच राहतात, परंतु त्यांचे नियोजन, रसद, संदेशवहन आणि प्रशिक्षण यांची सांगड घातली जाते. थिएटर कमांड हा एकात्मीकरणाचा बराच पुढचा टप्पा आहे. येथे 'थिएटर' म्हणजे रणक्षेत्र. एका रणक्षेत्रात असलेल्या तिन्ही दलांच्या तुकड्या एकाच सेनापतीच्या हुकमतीखाली द्यायच्या, मग तो सेनापती कोणत्याही दलाचा असो, अशी ही कल्पना आहे.

भारत सरकारने विलीनीकरणाचा प्रस्ताव मांडलेला नाही. चर्चा चालू आहे ती थिएटर कमांडची. माझे स्वतःचे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरे वाचताना ते लक्षात राहील. सैनिक, नाविक आणि वैमानिक घडवण्याचे काम तीन वेगळ्या घरांतच व्हावे. लढाईची जबाबदारी मात्र प्रत्येक रणक्षेत्रात एकाच माणसावर असावी आणि ती कोणावर आहे हे युद्धापूर्वीच ठरलेले असावे.

२. सीडीएस म्हणजे तिन्ही दलप्रमुखांचे साहेब का? आणि सीडीएसची परीक्षा वेगळी की तीच?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो दर वेळी येतो. पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी जी परीक्षा दिली जाते तिला सीडीएस म्हणतात आणि देशाच्या संरक्षण दल प्रमुखांच्या पदालाही सीडीएस म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे सारखी आहेत, बाकी दोहोंचा काहीही संबंध नाही.

या पदाची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून झाली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी पहिले सीडीएस म्हणून सूत्रे घेतली. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी जनरल अनिल चौहान यांनी ते स्वीकारले. सीडीएस हे तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे कायम अध्यक्ष, संरक्षणमंत्र्यांचे तिन्ही दलांविषयीच्या बाबींतील प्रमुख लष्करी सल्लागार आणि लष्करी व्यवहार विभागाचे सचिव असतात. परंतु ते दलप्रमुखांना युद्धाचा आदेश देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडे कोणत्याही तुकडीची लष्करी हुकमत नसेल, असे सरकारने पद निर्माण करतानाच स्पष्ट केले होते. त्यांचा हुद्दाही दलप्रमुखांप्रमाणेच चार तारांकितांचा आहे. 'सगळ्यांचे साहेब' हे वर्णन म्हणूनच बरोबर नाही. समान दर्जाच्या चौघांतील पहिला, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

३. पण मुळात तीन वेगळी दले हवीतच कशाला? शत्रू तर एकच असतो.

शत्रू एक असला तरी जमीन, पाणी आणि आकाश यांवर लढण्याची रीत एक नाही. पायदळाच्या तुकडीत अधिकारी आणि जवान खांद्याला खांदा लावून पुढे जातात, म्हणून तेथले सारे शिक्षण माणसांना धीर देऊन पुढे नेण्यावर उभे असते. हवाई दलात शत्रूवर चालून जातो तो वैमानिक, म्हणजे अधिकारी; त्याच्यामागे जमिनीवर विमान सज्ज ठेवणारे शेकडो तंत्रज्ञ असतात आणि त्यांच्या एका सैल राहिलेल्या पेचावर त्याचा जीव अवलंबून असतो. युद्धनौकेत कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एकाच पोलादी कवचात बसून युद्धात जातात. जहाज तरले तर सगळे तरतात. या तीन परिस्थितींतून शिस्तीच्या, बढतीच्या आणि निर्णय घेण्याच्या तीन वेगळ्या पद्धती तयार झाल्या आहेत. त्या केवळ परंपरेच्या हौसेपोटी टिकलेल्या नाहीत.

दुसरे कारण संख्येचे आहे. भारतीय भूदलात सुमारे १२ लाख माणसे आहेत, हवाई दलात सुमारे १ लाख ४० हजार आणि नौदलात सुमारे ७० हजार. या तिघांचे एक दल केले, तर बढत्या, पैसा आणि विचार यांवर भूदलाचीच छाप पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जमिनीवरच्या सत्तेला समुद्राची किंमत उशिरा कळते, याचा दाखला आपल्या घरातच आहे. कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर उभा केलेला दरारा फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्यावर जळाला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी पेटवले, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उतरली होती. तुळाजींशी पेशव्यांचे भांडण खरे होते, त्याला कारणेही होती. पण किनाऱ्याने त्याची जी किंमत मोजली, ती पुण्यात बसून कोणी मोजली नव्हती. मुंबईतल्या नौदल तळाला आज 'आंग्रे' हे नाव आहे. तेथून जाताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

४. जगात कोणी खरोखर विलीनीकरण केले आहे का? त्याचे काय झाले?

केले आहे, आणि ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी कॅनडाचा अनुभव नीट समजून घ्यावा. संरक्षणमंत्री पॉल हेलियर यांनी मार्च १९६४ मध्ये श्वेतपत्रिका मांडली. तीन दलांत तीच ती कामे तीनदा होतात, त्यामुळे कार्यालये वाढतात आणि शस्त्रांसाठी पैसा उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. आधी तिन्ही दलांचा प्रमुख एक केला गेला. त्यानंतर १ फेब्रुवारी १९६८ रोजी रॉयल कॅनेडियन नेव्ही, कॅनेडियन आर्मी आणि रॉयल कॅनेडियन एअर फोर्स ही तिन्ही दले कायद्याने संपुष्टात येऊन कॅनेडियन सशस्त्र दले ही एकच सेना अस्तित्वात आली. सगळ्यांना एकच हिरवा गणवेश मिळाला. विरोध करणारे अटलांटिक किनाऱ्याचे नौदल प्रमुख रिअर ॲडमिरल विल्यम लँडीमोर यांना १९६६ मध्येच पदावरून दूर करण्यात आले होते.

पुढचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९७५ मध्ये हवाई कारवायांसाठी वेगळी एअर कमांड करावी लागली. १९८५ मध्ये तिन्ही शाखांना वेगळे गणवेश परत देण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०११ मध्ये जुनी नावेही परत आली. कायद्याच्या दृष्टीने मात्र कॅनडाची सेना आजही एकच आहे. एकच सर्वोच्च प्रमुख आहे, आणि भरती, वैद्यकीय सेवा, रसद यांसारखी पाठीमागची कामे एकत्र चालतात. म्हणजे 'प्रयोग सपशेल फसला' असे म्हणणाऱ्यांचेही पूर्ण खरे नाही. कोठारे, दवाखाने आणि कचेऱ्या एकत्र केल्या, त्या एकत्र राहिल्या. नाविकाला नाविक म्हणून जी ओळख होती ती पुसण्याचा प्रयत्न केला, तो उलटला. चुकीची किंमत मोजण्यात त्या नौदलाची वीस वर्षे गेली.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. कॅनडाच्या सीमेवर शत्रू नाही आणि त्याचा एकमेव जमिनीवरचा मोठा शेजारी त्याचा मित्र आहे. असा प्रयोग करून पाहण्याची, आणि चुकल्यास सावकाश दुरुस्त करण्याची, उसंत त्याला होती. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांशी सीमावाद असलेल्या देशाला ती नाही.

५. इस्रायल आणि चीनमध्ये तर एकच सेना आहे. मग आपल्यालाच काय अडचण?

इस्रायलची सेना एकच आहे हे खरे. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिच्या शाखा असून सर्वांवर एकच सरसेनापती असतो. परंतु ती १९४८ पासून तशीच घडली आहे. तीन जुनी दले मोडून ती तयार झालेली नाही, आणि देशाचा विस्तार एवढा लहान आहे की सगळा देशच एक रणक्षेत्र ठरतो. चीनच्या जनमुक्ती सेनेतही नौदल आणि हवाई दल या शाखाच आहेत. तरीही ती केवळ नावाने एक असून भागत नव्हते, म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये जुने सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड करण्यात आल्या. एक सेना असूनही संयुक्त हुकमतीची व्यवस्था वेगळी उभारावी लागली, हा भाग आपल्याकडच्या चर्चेत बहुधा सुटतो.

६. अमेरिकेने काय केले?

अमेरिकेने विलीनीकरण टाळले आणि हुकमत एक केली, पण त्यासाठी आधी ठेच लागावी लागली. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडवण्यासाठी चार दलांची माणसे आणि यंत्रे गोळा करून एक मोहीम पाठवली गेली. नौदलाची हेलिकॉप्टरे, ती चालवणारे बहुतांश मरीन वैमानिक, हवाई दलाची मालवाहू विमाने आणि भूदलाचे कमांडो यांनी संपूर्ण मोहिमेची एकत्र रंगीत तालीम कधी केलीच नव्हती. मोहीम रद्द करून परतताना वाळवंटात हेलिकॉप्टर आणि विमान यांची धडक होऊन आठ जण मृत्युमुखी पडले. १९८३ च्या ग्रेनाडा मोहिमेत दलांचे बिनतारी संच एकमेकांशी जुळत नसल्याचे दिसले. त्यानंतर १९८६ मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. दलप्रमुखांनी दले घडवायची, युद्ध चालवायचे ते संयुक्त कमांडच्या सेनापतींनी, आणि संयुक्त पदावर काम केल्याशिवाय वरची बढती नाही, हे या कायद्याने ठरवले. दलप्रमुखांचा विरोध असताना संसदेने तो कायदा केला. मला त्यातील बढतीचे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण माणसे भाषणाने एकत्र येत नाहीत. पुढची पायरी दुसऱ्या दलाबरोबर केलेल्या कामावर अवलंबून असली की येतात.

७. आपल्याकडे दलांतील विसंवादामुळे खरेच नुकसान झाले आहे का, की हे फक्त सेमिनारमधले बोलणे आहे?

झाले आहे. १९६२ मध्ये हवाई दलाचा आक्रमक वापर झालाच नाही. तो निर्णय राजकीय होता, पण तिन्ही दलांचा एकत्रित सल्ला देणारी खंबीर यंत्रणा नव्हती हेही तितकेच खरे. १९६५ च्या युद्धात नौदल जवळजवळ बाजूलाच ठेवले गेले; विमानवाहू नौका विक्रांत त्या वेळी दुरुस्तीसाठी येथेच, मुंबईत होती. १९७१ मध्ये चित्र पालटले आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कराचीवर समुद्रातून क्षेपणास्त्रांचा आणि आकाशातून बॉम्बचा मारा झाला.

पण ज्या युद्धाला आपण समन्वयाचा आदर्श मानतो, त्यातलीच एक घटना मी नेहमी सांगतो. १० डिसेंबर १९७१ रोजी मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, 'पद्मा' आणि 'पलाश' या दोन गनबोटी आणि आपल्या नौदलाची 'पनवेल' खुलना बंदराच्या दिशेने निघाल्या होत्या. नेतृत्व कमांडर मोहन सामंत यांच्याकडे होते. दुपारी वरून विमाने आली. ती आपलीच होती. शत्रूची जहाजे समजून त्यांनी मारा केला आणि 'पद्मा' व 'पलाश' दोन्ही बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिनखोलीत असलेल्या रुहुल अमीन यांनी बोट सोडण्यास नकार दिला. ते जखमी अवस्थेत किनाऱ्याला लागले आणि तेथे मारले गेले. बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर दिला. सामंतांनी 'पनवेल' वाचवली, पाण्यातल्या माणसांना वर घेतले आणि पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले. ज्या बोटीला आपल्या मुंबईच्या वेशीवरच्या गावाचे नाव होते, तिच्या डेकवरून आपलीच विमाने झेपावताना पाहणाऱ्या खलाशांना काय वाटले असेल, याचा विचार कोणत्याही आराखड्यापूर्वी करावा असे मला वाटते.

कारगिलमध्येही भूदलाने आधी सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली. त्या उंचीवर हेलिकॉप्टर सहज टिपले जाईल आणि हवाई शक्ती वापरायची तर सरकारची परवानगी हवी, असे हवाई दलाचे म्हणणे होते. या चर्चेत दिवस गेले. २६ मे १९९९ रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चौघांसह पडले, तेव्हा हवाई दलाची भीती रास्त होती हेही दिसून आले. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समिती आणि नंतरचा मंत्रिगट यांच्यापासून आजच्या सुधारणांची सुरुवात होते.

८. म्हणजे एकच दल असते तर अशा चुका झाल्या नसत्या?

असे समजणे धोक्याचे आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या हवाई धुमश्चक्रीत, श्रीनगरजवळ बडगाम येथे आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणास मुकले. हेलिकॉप्टर हवाई दलाचे होते आणि क्षेपणास्त्रही हवाई दलाचेच होते. गणवेश एक, प्रमुख एक, तळही एकच. तरीही मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखणारी साखळी त्या क्षणी तुटली. एका दलाच्या आत जे घडू शकते, ते तीन दलांची मोट बांधून आपोआप थांबणार नाही. ते थांबते ओळख पटवणाऱ्या यंत्रणेने, सामायिक रडारचित्राने आणि एकत्र केलेल्या सरावाने.

९. २६/११ च्या वेळी एकच सेना असती तर मुंबई वाचली असती का?

मुंबईतल्या प्रत्येक सभेत हा प्रश्न येतो आणि तो विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा वेगळा असतो. मी त्याचे उत्तर शक्य तितके सरळ देतो. नाही.

दहा दहशतवादी समुद्रमार्गे आले आणि कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तेथल्या कोळी बांधवांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. त्या रात्री जी फट होती ती भूदल आणि नौदल यांच्यामधली नव्हती. ती नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क, बंदर प्रशासन, मत्स्यव्यवसाय खाते आणि गुप्तचर यंत्रणा यांच्यामधली होती. यांपैकी बहुतेक संस्था संरक्षण मंत्रालयाच्या कक्षेतही येत नाहीत. तिन्ही सेनादले विलीन केली असती, तरी कोळ्याने पाहिलेली गोष्ट कोणाला कळवायची, हा प्रश्न जागच्या जागी राहिला असता. शहरात नौदलाचे मार्कोस कमांडो आले, भूदलाच्या तुकड्या आल्या, मानेसरहून एनएसजी आले. उशीर झाला त्याची कारणे विमान मिळण्यापासून शहरातल्या वाहतुकीपर्यंतची होती.

त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली, मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कारवाई केंद्रे सुरू झाली आणि नौदल तळांच्या रक्षणासाठी सागर प्रहरी बल उभे राहिले. ससून डॉकवर पहाटे गेलात तर मच्छीमारांकडे ओळखपत्रे दिसतील आणि होड्यांवर ठळक नोंदणी क्रमांक दिसतील. सुधारणा या पातळीवरची हवी होती. जबाबदारी कोणाची, हे एकदाचे ठरले, हा त्यातला खरा लाभ होता.

१०. एकत्र केल्याने पैसा वाचेल ना?

थोडा वाचेल, पण लोक समजतात तितका नाही आणि तेथूनही नाही. संरक्षण खर्चाचा मोठा वाटा वेतन आणि निवृत्तिवेतन यांवर जातो. दलांची नावे बदलल्याने तो कमी होत नाही. वाचतो तो पैसा साठवण, दुरुस्ती, वाहतूक आणि खरेदी यांतला, आणि त्यासाठी विलीनीकरणाची गरज नाही. १ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत संयुक्त रसद केंद्र सुरू झाले. दारूगोळा, शिधा, इंधन, सुटे भाग आणि वाहने यांची सोय तिन्ही दलांना एकमेकांच्या साठ्यांतून व्हावी, हा त्यामागचा हेतू आहे.

वैद्यकीय सेवा तर पहिल्यापासूनच सामायिक आहे. माझे मामा भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना घेऊन मी कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात गेलो आहे. रुग्णालय नौदलाचे. रांगेत मामांच्या एका बाजूला हवाई दलाचे निवृत्त सार्जंट होते, दुसऱ्या बाजूला एका नाविकाची पत्नी कडेवर मूल घेऊन बसली होती, आणि आत तपासणारे डॉक्टर भूदलाच्या गणवेशात होते. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, बाहेर पडलेला डॉक्टर तिन्हींपैकी कोणत्याही दलात जातो आणि कोठेही काम करतो. मामांना यात काही विशेष वाटले नाही. ज्या एकत्रीकरणाची कोणाला जाणीवही होत नाही, ते उत्तम जमलेले असते.

११. हवाई दलाचा थिएटर कमांडला विरोध का आहे? हा मानापमानाचा प्रश्न आहे का?

मानापमान अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये जनरल रावत यांनी हवाई दलाचा उल्लेख सहाय्यक दल अशा अर्थाने केला आणि तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी तो जाहीरपणे नाकारला, हे सर्वांना आठवत असेल. पण मूळ हरकत हिशेबाची आहे. हवाई दलाच्या मंजूर लढाऊ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, ४२ आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ निवृत्त झाल्यानंतर हाती राहिल्या २९. एवढी तुटपुंजी साधने प्रस्तावित तीन रणक्षेत्रांत कायमची वाटून टाकली, तर जेथे गरज आहे तेथे सगळी ताकद एकवटण्याचा हवाई शक्तीचा मुख्य गुणच जातो. विमान सकाळी पश्चिमेला आणि दुपारी उत्तरेला लढू शकते. रणगाड्यांची ब्रिगेड ते करू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी घाई करू नये असे उघडपणे सांगितले, ते याच पार्श्वभूमीवर.

इतिहासही या सावधगिरीच्या बाजूने काही सांगतो, मात्र उलट दिशेने. ब्रिटनने १ एप्रिल १९१८ रोजी भूदलाची आणि नौदलाची विमाने एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन केली. त्यात नौदलाची विमानविद्या पोरकी झाली. ती नौदलाकडे परत देण्याचा निर्णय १९३७ मध्ये झाला, अंमल १९३९ मध्ये. तोवर अमेरिका आणि जपान यांची नौदले विमानवाहू जहाजांच्या बाबतीत पुढे निघून गेली होती, आणि ब्रिटिश नौदल दोन पंखजोड्यांच्या स्वोर्डफिश विमानांनिशी महायुद्धात उतरले. लहान शाखा मोठ्या घरात गेली की तिच्या वाट्याला उरलेसुरले येते. आज हवाई दल जी भीती व्यक्त करते, ती त्याच्याच जन्मकाळी दुसऱ्याच्या बाबतीत खरी ठरली होती.

तरीही माझ्या मते उपाय थिएटर कमांड टाळणे हा नाही. काही हवाई साधने केंद्रीय राखीव ठेवून बाकीची सेनापतींच्या हाती देता येतात, आणि ती विभागणी कागदावर, युद्धापूर्वी व्हावी.

१२. माझा मुलगा एनडीएची तयारी करतो आहे. पुढे सगळे एकत्र झाले तर त्याने निवडलेले दल बदलेल का?

सध्याच्या कोणत्याही प्रस्तावात असे काही नाही. अर्ज भरताना तो दलांचा पसंतीक्रम देईल, खडकवासल्याला तिन्ही दलांच्या कॅडेटांबरोबर तीन वर्षे शिकेल आणि त्यानंतर देहरादून, एळिमला किंवा दुंडिगल येथे आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत जाईल. तिन्ही दलांच्या कॅडेटांना एकत्र शिकवणारी अशी संस्था स्वातंत्र्यानंतर इतक्या लवकर उभी करणारे देश फार थोडे आहेत; तिचे औपचारिक उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. अडचण ही आहे की विशीत झालेली ही मैत्री नंतरच्या वीस वर्षांत वेगवेगळ्या छावण्यांत विरून जाते. म्हणूनच प्रश्न ६ मधील बढतीचा मुद्दा मला मोलाचा वाटतो.

हुद्द्यांबाबत एक खुलासा, कारण पालकांचा येथे नेहमी घोळ होतो. भूदलातील कॅप्टन आणि नौदलातील कॅप्टन समान दर्जाचे नसतात. भूदलातील कॅप्टनच्या बरोबरीचा नौदलातील हुद्दा लेफ्टनंट आहे. नौदलातील कॅप्टन हा भूदलातील कर्नल आणि हवाई दलातील ग्रुप कॅप्टन यांच्या बरोबरीचा असतो.

१३. नौदलाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली भूदलाचा जवान असेल आणि त्याने शिस्त मोडली, तर कारवाई कोणी करायची?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अनेक वर्षे एकत्रीकरणाचे घोडे येथेच अडले होते. भूदल आणि हवाई दल यांचे कायदे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा. जवानावर त्याच्याच दलाचा कायदा लागू होत असल्यामुळे संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या माणसावर थेट कारवाई करता येत नसे. त्याला मूळ तुकडीकडे परत पाठवावे लागे. आंतरसेवा संघटनांसंबंधीचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला आणि अशा प्रमुखांना सर्व दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार मिळाले. तिन्ही मूळ कायदे मात्र तसेच ठेवले आहेत. जवानाच्या सेवाशर्ती बदललेल्या नाहीत.

१४. अंदमानला तर संयुक्त कमांड आहेच. तिचा अनुभव काय सांगतो?

ती २००१ मध्ये सुरू झाली आणि भारतातील तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड आहे. तिच्या अनुभवातून दोन गोष्टी शिकता येतात. दुसऱ्या दलाच्या सेनापतीचा हुकूम मानणे आपल्या माणसांना अजिबात अवघड जात नाही. परंतु जहाजे, विमाने आणि पैसा किती द्यायचा हे दिल्लीतील मूळ दलांनीच ठरवायचे असेल, तर सेनापतीचे पद मोठे आणि हात तोकडे राहतात. नव्या कमांड करताना हा धडा विसरला गेला, तर देशात आज असलेल्या एकेका दलाच्या सतरा कमांडवर आणखी तीन कार्यालयांची भर पडेल, एवढेच होईल.

१५. तटरक्षक दल आणि बीएसएफ यांनाही यात घ्यावे का?

तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे आणि अंदमान कमांडमध्ये त्याचा सहभाग आहे. बीएसएफ गृहमंत्रालयाकडे असून युद्धकाळात ते भूदलाच्या हुकमतीखाली येते. शांततेच्या काळात या दोन्हींचे काम कायदा राबवण्याचे आहे. ते सेनादलांत मिसळू नये.

१६. असे काही आहे का, जे तुमच्या मते खरोखरच पूर्ण विलीन करावे?

आहे. सायबर आणि अंतराळ यांसाठी तिन्ही दलांच्या सामायिक संस्था आहेत, त्या पूर्ण ताकदीच्या कमांड व्हाव्यात, कारण तेथे जुन्या परंपरा नाहीत आणि जपण्यासारखे काही मोडत नाही. दुसरा विषय कमी उंचीवरचे आकाश. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सीमेपलीकडून ड्रोनचे थवे आले, तेव्हा भूदलाच्या जुन्या एल-७० आणि झेडयू-२३ तोफांनी ते पाडले. कोणती गोष्ट आपली आणि कोणती परकी, हे त्या तोफांना कळत होते, कारण भूदलाची आकाशतीर यंत्रणा हवाई दलाच्या हवाई संरक्षण जाळ्याशी जोडलेली होती. प्रश्न ७ मधील खुलनाजवळच्या त्या बोटींना आणि प्रश्न ८ मधील त्या हेलिकॉप्टरला जे मिळाले नाही, ते येथे मिळाले. तोफ भूदलाकडेच राहिली, रडार हवाई दलाकडेच राहिले आणि पडद्यावरचे चित्र दोघांचे एक झाले. आता प्रत्येक दल स्वतःचे ड्रोन स्वतंत्रपणे विकत घेत आहे. त्यांच्या संदेशवहनाची आणि ओळखखुणेची मानके खरेदीच्या आधी एकाच जागी ठरावीत, आणि ती मोडून खरेदी करण्याचा अधिकार कोणत्याही दलप्रमुखाला नसावा, असे मला वाटते.